बटणाखालच्या पिवळ्या चिठ्ठ्या

चि. ठेंगूस दादाचे अनेक आशीर्वाद.

(बेचाळीस वर्षांच्या, लग्न होऊन गेलेल्या बाईला ठेंगू म्हणू नये, असं तुझ्या वहिनीचं मत आहे. पाकिटावर तुझं नाव नीट घातलंय. पाकिटाच्या आत माझं राज्य.)

इकडे सगळे खुशाल. म्हणजे तुझी वहिनी खुशाल आहे, दुकानात चष्म्याच्या काचा बसवणारे आपले फिटर खुशाल आहेत, आणि माझा गुडघा तू गेलीस तेव्हा होता तसाच आहे. तुझी पाठ कशी आहे? कॉम्प्युटरपुढे कमान करून बसायची सवय गेली नसेलच. मेहुण्यांना नमस्कार सांग. दिवसभर उन्हात जमिनी मोजत फिरतात, टोपी घालतात ना? आणि त्यांचे डोळे तपासून घे. लग्नात सही करताना त्यांनी कागद हातभर लांब धरला होता, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की यांना चाळीशी लागलीय. मी बोललो नाही, कारण त्या दिवशी मी कोणाशीच बोलत नव्हतो.

आता तू म्हणशील, अकरा महिन्यांत दादाने एक फोन केला नाही आणि आज एकदम तीन पानी पत्र! दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी ‘थांब हं, वहिनीला देतो’ म्हणून मोकळा होतो, ते दुकानात काम असतं म्हणून. (रविवारी दुकान उघडत नाही हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे.) तर आजचं पत्र निव्वळ कामाचं आहे. उगाच गैरसमज करून घेऊ नकोस आणि मेहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

काम असं, की तू केलेला दुकानाचा प्रोग्रॅम बिघडलाय. चालतोय, पण बिघडलाय. गिऱ्हाइकांची यादी आहे, नंबर आहेत, सगळं जिथल्या तिथे आहे. बिघडली आहे ती वरची बटणांची पट्टी, जिला तू टूलबार म्हणायचीस. नवीन गिऱ्हाईक, जुना नंबर, काच, फ्रेम, तयार, शोधा आणि बंद करा, अशी सात बटणं. त्यातल्या कुठल्याही बटणावर माऊसचा बाण नुसता टेकवून अर्धा सेकंद थांबलं की त्याच्याखाली एक पिवळी चिठ्ठी उमटायची. लोकांच्या प्रोग्रॅममध्ये अशा चिठ्ठ्यांवर ‘उघडा’, ‘छापा’ असलं काहीतरी कोरडं लिहिलेलं असतं. तू मात्र एकोणीस वर्षं माझ्याबरोबर त्या दुकानात काढली होतीस, त्यामुळे तू माझा सगळा हिशेब चुकता केलास. ‘नवीन गिऱ्हाईक’वर होतं: ‘दादा, नाव विचार. चेहरा ओळखीचा आहे एवढ्याने भागत नाही.’ ‘जुना नंबर’वर: ‘हा कागदावर आहे. तुझ्या डोक्यातला वेगळा असेल तर भांडू नकोस.’ ‘काच’वर: ‘डावा म्हणजे गिऱ्हाइकाचा डावा. तुझा नव्हे.’ ‘फ्रेम’वर: ‘नको म्हणाले की नको. चौथी काढू नकोस.’ ‘तयार’वर: ‘निरोप पाठव. त्यांना स्वप्न पडत नाही.’ आणि ‘शोधा’वर तर तू कहरच केलास: ‘आधी कपाळावर बघ, चष्मा तिथेच असेल.’ (तो तिथेच असायचा.) सहा मला तोंडपाठ आहेत. सातवीवर काय होतं ते माहीत नाही. बंद करताना थांबतो कोण? वहिनी ताट वाढून बसलेली असते.

तर झालं काय, की दोन महिन्यांपूर्वी जुना कॉम्प्युटर गेला. (शांतपणे गेला. सकाळी उठलाच नाही.) नवा आणला. त्याचा पडदा एवढा रुंद आहे, की एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळत नाही. तू दिलेल्या पेन ड्राइव्हवरून फिटरांनी प्रोग्रॅम त्यावर चढवला आणि तो मुकाट्याने सुरू झाला. सगळं जागेवर होतं, पण चिठ्ठ्या मला फिकट दिसायला लागल्या. अक्षरं बारीक, पिवळा रंग उतरलेला. फिटर म्हणाले, तुमचा स्वतःचा नंबर तपासून घ्या. मी म्हटलं, बत्तीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासतोय, मला शिकवू नका. चिठ्ठ्यांचा जोर कमी झालाय.

आता जोर कमी झाला की आपण काय करतो? डोळे तपासायच्या ट्रायल फ्रेममध्ये अधिक एकची काच आहे, माणसाला अक्षर दिसत नाही, तर तिच्यापुढे आणखी एक अधिक एकची सरकवतो. दिसलं? झालं. मी दुपारी दुकान मिटल्यावर तुझी ती मजकुराची फाइल उघडली, जिच्यात प्रोग्रॅम लिहिलाय. (तू मला एकदा दाखवली होतीस. मी ऐकत नव्हतो असं तुला वाटलं होतं. ऐकत होतो.) पट्टी तयार करणारी ओळ सापडली. तिच्या शेवटी एक कंस, कंसाच्या आधी ‘बिटऑर’ असा शब्द (मला वाटलं एखाद्या कंपनीचं नाव असेल) आणि कंसात दोन आकडे, २०४८ आणि २५६. शेजारी तू तुझ्या सवयीने शेरे मारून ठेवलेले: २०४८ म्हणजे सपाट बटणं, २५६ म्हणजे चिठ्ठ्या. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना चुकायचं कसं? मी कंसाच्या बाहेर अधिकचं चिन्ह घातलं आणि पुढे आणखी एकदा २५६ लिहिलं. म्हणजे चिठ्ठ्या दुप्पट जोराने येणार. फाइल जपून ठेवली, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला, बाण ‘शोधा’वर टेकवला आणि थांबलो.

काही नाही. अर्धा सेकंद थांबलो, मिनिटभर थांबलो, चहा झाला. एकही चिठ्ठी नाही. फिकट का होईना, येत होती, तीही गेली.

माझा त्या आकड्यावर संशय जाणं शक्य नव्हतं. आकडा तूच दिलेला, मी फक्त तो दोनदा दिला. मी गिऱ्हाइकालाही तक्ता दोनदा वाचायला लावतो, कुलूपही दोनदा ओढून बघतो, दोनदा केल्याने आजवर कशाचं वाईट झालेलं नाही. तेव्हा दोष माऊसचा ठरला. नवा माऊस आणला. मग दोष पडद्याचा ठरला, कारण वहिनीने तो ओल्या फडक्याने पुसला होता. (त्यावरून घरात दोन दिवस अबोला. फडकं कोरडं होतं हे नंतर सिद्ध झालं.) मग माझ्या मनात आलं, चिठ्ठी येते बटणातून, तेव्हा बटणालाच ताकद कमी पडत असणार. पुन्हा फाइल उघडली आणि पुढे अधिक २०४८ असंही ठोकून दिलं.

ठेंगू, त्या दिवशी त्या पट्टीचं जे झालं ते शत्रूच्याही पट्टीचं होऊ नये. बटणं सपाट होती ती विटांसारखी वर आली. चित्राखाली असलेली नावं उठून चित्राच्या उजवीकडे जाऊन बसली. त्यामुळे प्रत्येक बटण दीडपट लांब झालं, पडदा रुंद असला तरी प्रोग्रॅमची चौकट जुन्याच मापाची, तिच्यात सात बटणं एका ओळीत मावेनात, आणि शेवटची दोन, ‘शोधा’ आणि ‘बंद करा’, खाली दुसऱ्या ओळीत उतरली. उतरून बसली कुठे, तर गिऱ्हाइकांच्या यादीच्या डोक्यावर! यादीतलं सगळ्यात वरचं नाव झाकलं गेलं. आणि सगळ्यात वर असतं ताजं नाव.

हे माझ्या लक्षात येण्याआधी शाळेतले निवृत्त कवायत मास्तर आले. त्यांचे डोळे तपासले, नाव घातलं, यादीत बघतो तर नाव नाही. पुन्हा घातलं, तर ते एकदा दिसायला लागलं. पण माझा नियम तुला माहीत आहे. एकदा दिसलं म्हणजे खात्री नाही. तिसऱ्यांदा घातलं. फिटरांना तिन्ही नोंदी गेल्या, त्यांनी तीन चष्मे तयार केले आणि मास्तरांना तीन निरोप गेले. मास्तर वेळेचे पक्के. तीन निरोप म्हणून तीन दिवस ठरल्या ठोक्याला दारात हजर. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं की मला किती डोळे आहेत असं तुम्हाला वाटतं. तू असतीस तर मागच्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसली असतीस. मला मागच्या खोलीतून काही ऐकू आलं नाही. मी वळून बघितलं, सवयीने.

फिटर म्हणतात, त्या दोन बटणांचं काहीतरी करा, चिठ्ठ्यांचं सोडून द्या. तुम्हाला सातही बटणं डोळे मिटून माहीत आहेत, चिठ्ठी हवी कशाला? मी त्यांना म्हटलं, दुकानाला शिस्त असते, जे होतं ते असलं पाहिजे. ते काच घासायला निघून गेले. (ते फार बोलत नाहीत, हा त्यांचा गुणही आहे आणि छळही.)

तुला खरं सांगायला हरकत नाही. चिठ्ठी मला कामाला नकोच आहे. डावा-उजवा मी आता चुकत नाही. पण गेले अकरा महिने दिवसातून दहा-वीस वेळा मी नुसता बाण टेकवून थांबत होतो आणि तू मला दादा म्हणत होतीस. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं, त्याला वाटायचं मी विचार करतोय. या दुकानात आता मला दादा कोणी म्हणत नाही. फिटर ‘शेठ’ म्हणतात, गिऱ्हाईक ‘साहेब’ म्हणतं, वहिनी काहीच म्हणत नाही, नुसती ‘अहो’ करते. तुझं स्टूल अजून वरच्या फ्रेमच्या कप्प्याखाली तसंच आहे. माझा हात त्या कप्प्याला स्टुलाशिवाय पोचतो आणि माझा पाय आठवड्यातून दोनदा त्या स्टुलाला अडखळतो. (गुडघ्याचं मूळ तिथेच आहे.) पण ते हलवायचं माझ्या जिवावर येतं.

तू निघालीस त्या दिवशी बस दुपारची होती. सगळे पोचवायला गेले. मी गेलो नाही. दुकानात बसून एकच काच घासत होतो, इतकी घासली की ती फ्रेममध्ये बसेना. आदल्या दिवशी तू विचारलंस, दादा, जमेल ना रे तुला? तेव्हा मी म्हणालो, तुझ्यावाचून दुकानाचं काही अडणार नाही. जगातली प्रत्येक गोष्ट दोनदा बोलणारा मी, ते वाक्य नेमकं एकदाच बोललो आणि ते तू नीट ऐकलंस. नंतर दुरुस्त करायला जीभ वळली नाही. आता अडलंय. पट्टीवर अडलंय. तेव्हा त्या आकड्यांचं काय करायचं ते सविस्तर लिही. नेटवर ते प्रोग्रॅम लिहिणारे लोक एकमेकांना अडचणी विचारतात, तू जायचीस तिथे, तिथेही मी प्रश्न टाकून ठेवलाय. सर्वांना नमस्कार, प्रकृतीची चौकशी, मग बटणं, मास्तर, फडकं, सगळं व्यवस्थित लिहिलं. त्यावर कोणीतरी लिहिलंय की प्रश्न नेमका काय आहे. माणसं वाचत नाहीत हल्ली.

आणखी काय लिहू? वेळेवर जेव. पाठ सरळ ठेव. मेहुण्यांचा नंबर काढून कळव, काचा मी इथून करून पाठवतो.

तुझा,
दादा

ता. क. वरचं सगळं मंगळवारी लिहिलं. पाकीट चिकटवायचं राहून गेलं, आज गुरुवार. पट्टीचं जमलं, तेव्हा आकड्यांची चौकशी रद्द समज. नेटवर एका मांजराने उत्तर दिलं. (म्हणजे माणूसच, पण नावाच्या जागी मांजराचा फोटो लावलाय.) त्याने लिहिलं, आजोबा, हे आकडे मिळवायचे नसतात. (आजोबा का, ते कळलं नाही. मी वय लिहिलं नव्हतं.) प्रत्येक आकडा म्हणजे भिंतीवरचा एकेक दिवा. ‘बिटऑर’ म्हणजे कंसातले सगळे दिवे लावा. लागलेला दिवा पुन्हा लावा म्हटलं तर तो लागलेलाच राहतो, काही बिघडत नाही. पण तुम्ही बाहेरून बेरीज केलीत. २५६ दोनदा मिळवले की ५१२ होतात, आणि ५१२ हा चिठ्ठ्यांचा दिवाच नव्हे. तो बटणं दुसऱ्या ओळीत उतरवण्याचा आहे. २०४८ दोनदा मिळवले की ४०९६, तो नावं उजवीकडे बसवण्याचा. म्हणजे मी ज्या दोन गोष्टी दुप्पट मागितल्या त्या दोन्ही विझल्या, आणि जे दोन नको होते ते पेटले. अधिक एकपुढे अधिक एक ठेवलं तर अधिक दोन होतं, तो वेगळाच नंबर असतो, हे मी बत्तीस वर्षं लोकांना सांगतोय. मी माझी दोन्ही अधिकं खोडली, तुझी ओळ तुझ्यासारखी झाली, पट्टी सरळ झाली आणि चिठ्ठ्या परत आल्या. फिकट अजूनही दिसतात. फिटरांनी माझे डोळे तपासले. पाऊण नंबर वाढलाय. ते काही बोलले नाहीत, पण फार सावकाश बोलले नाहीत.

ता. क. दुसरा. शुक्रवार. काल सहाही चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. मग म्हटलं आता सगळ्या आल्याच आहेत तर सातवीही आली की नाही ते तपासावं. संध्याकाळी ‘बंद करा’वर बाण नेला आणि दाबलं नाही. थांबलो. तिच्यावर होतं: ‘थांबलास? बरं झालं. आता फोन कर. वहिनीला देऊ नकोस, तूच बोल.’

ठेंगू, रोज संध्याकाळी ते बटण मी दाबलं. अकरा महिने. एक दिवस अर्धा सेकंद थांबलो असतो तर. तू दर रविवारी फोन केलास तेव्हा तुला वाटत असेल की मी वाचलंय आणि तरी देतोय वहिनीला. वाचलं नव्हतं गं. देवाशपथ वाचलं नव्हतं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. काल संध्याकाळी तुला दोन अर्धवट फोन आले असतील, तू हॅलो म्हणालीस आणि समोरचा बोलला नाही. चुकीचा नंबर नव्हता, मी होतो. पहिल्यांदा घसा बसला होता. दुसऱ्यांदा पहिल्यांदाची लाज वाटली. हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. येत्या रविवारी तू नेहमीसारखा फोन करशील आणि मी वहिनीला देईन, तेव्हा रागावू नकोस, तू अजून हे वाचलेलं नसशील. त्याच्या पुढच्या रविवारी तू करू नकोस. सकाळी अकराला मी करीन. तूच उचल. मी फार वेळ बोलणार नाही, एवढंच म्हणेन की ये. चार दिवस, आठ दिवस, मेहुण्यांनाही आण. आणि नुसतं दादाला भेटायला म्हणून निघायचा तुला संकोच वाटत असेल, घरी काही कारण सांगावं लागत असेल, तर तसं फोनवर हळूच सांग. मी दोन्ही अधिकं परत टाकून पट्टी बिघडवून ठेवतो. आता मला येतं.